कोण मोठा खेळाडू? छेद बदलला की उत्तर बदलते

विल्ट चेंबरलेन या अमेरिकन बास्केटबॉलपटूने १९६१-६२ च्या हंगामात दर सामन्यात सरासरी ५०.४ गुण मिळवले. मायकेल जॉर्डनचा सर्वांत भरघोस हंगाम १९८६-८७ चा. त्यात त्याची सरासरी होती ३७.१. मग चेंबरलेन जॉर्डनपेक्षा मोठा म्हणायचा का? बहुतेक चाहते लगेच 'नाही' म्हणतील. पण का नाही, असे विचारले तर उत्तरे वेगवेगळी येतात. कुणी म्हणेल, तेव्हा खेळ सोपा होता. कुणी म्हणेल, तेव्हाचे खेळाडू बुटके होते. कुणी म्हणेल, आकड्यांना काही अर्थच नसतो.

यातले शेवटचे उत्तर सर्वांत सोयीचे आणि सर्वांत चुकीचे आहे. आकड्यांना अर्थ असतो. मात्र तो आकडा कोणत्या परिस्थितीत निर्माण झाला हे कळल्यावरच तो हाती लागतो. वेगवेगळ्या काळांतल्या दोन मोजमापांची तुलना कशी करायची, हा प्रश्न विज्ञानात पदोपदी येतो, आणि शाळेत तर रोजच येतो. बास्केटबॉल हे त्याचे छान उदाहरण आहे, कारण या खेळाचे नियम अनेकदा बदलले आणि प्रत्येक बदलाची तारीख नोंदलेली आहे.

थोडी ओळख

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ तयार केला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत मुलांना काय खेळवायचे, ही त्याची अडचण होती. त्याने सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर फळांच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर ही उंची आजही तीच आहे. बाकी जवळजवळ सगळे बदलले.

या लेखातील आकडे अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक संघटनेच्या स्पर्धेतील आहेत. तिथे सामना ४८ मिनिटांचा असतो आणि प्रत्येक संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. चालू खेळात चेंडू बास्केटमध्ये गेला तर दोन गुण. ठरावीक रेषेच्या बाहेरून टाकला तर तीन. प्रतिस्पर्ध्याने नियमभंग केल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीला, म्हणजे फ्री थ्रोला, एक गुण. बास्केट हुकलेला चेंडू उसळून आल्यावर जो पकडतो त्याच्या नावावर 'रिबाउंड' लागतो.

आणखी एक शब्द लागेल. एका संघाच्या ताब्यात चेंडू आल्यापासून तो दुसऱ्या संघाकडे जाईपर्यंतच्या खेळाला आपण 'चढाई' म्हणू. चढाया आलटून पालटून होतात, म्हणून एका सामन्यात दोन्ही संघांना जवळजवळ सारख्याच चढाया मिळतात. गुण मिळवण्याची संधी म्हणजे चढाई. तेव्हा पहिला प्रश्न असा: चेंबरलेनला संधी किती होत्या आणि जॉर्डनला किती?

२४ सेकंद

आरंभीच्या काळात चेंडू किती वेळ ताब्यात ठेवायचा यावर बंधन नव्हते. आघाडीवर असलेला संघ चेंडू नुसता आपसांत फिरवत वेळ काढी. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन संघाने मिनिआपोलिसला हरवले ते १९ विरुद्ध १८ अशा गुणांनी! अख्ख्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ३७ गुण. प्रेक्षक कंटाळले तर खेळच बंद पडेल, अशी भीती संघमालकांना वाटू लागली.

सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन आणि त्यांचे सहकारी लिओ फेरिस यांनी एक साधा हिशेब मांडला. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून बास्केटकडे सुमारे १२० वेळा चेंडू फेकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. २८८० भागिले १२० बरोबर २४. म्हणून चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत फेक झालीच पाहिजे, असा नियम १९५४-५५ पासून आला. एका हंगामात संघाची सरासरी गुणसंख्या ७९.५ वरून ९३.१ वर गेली. खेळाडू तेच, बास्केट तेच. एका भागाकाराने गुण सहाव्या हिश्श्याने वाढले.

पुढच्या काही वर्षांत संघ धावत सुटले. १९६१-६२ मध्ये एक संघ दर सामन्यात सरासरी १०८ फेकी करत होता, आणि त्यांतल्या ४२.६ टक्केच बास्केटमध्ये जात. त्या वर्षी एका संघाला ४८ मिनिटांत सुमारे १२६ चढाया मिळत, असा अंदाज आहे. १९८६-८७ पर्यंत ही संख्या १०१ वर आली होती, आणि २००५-०६ मध्ये ९०.५ वर.

'अंदाज आहे' असे म्हटले, त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. पूर्वी चढाया कुणी मोजत नसे. त्या इतर नोंदींवरून काढतात. चढाई संपते ती फेकीने, फ्री थ्रोने किंवा चेंडू गमावल्याने. म्हणून चढाया काढायला चार आकडे लागतात: फेकी, फ्री थ्रो, गमावलेले चेंडू, आणि आपलाच हुकलेला चेंडू आपणच पकडल्याच्या घटना. फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, म्हणून त्यांची संख्या ०.४४ ने गुणून घेतात. आपलाच चेंडू पुन्हा पकडला तर नवी चढाई होत नाही, ती पहिलीच पुढे चालू राहते. म्हणून तो आकडा वजा करतात. पण असे रिबाउंड वेगळे नोंदवण्यास सुरुवात झाली १९७३-७४ मध्ये. त्याआधीच्या वर्षांसाठी उरलेल्या नोंदींवरूनच तर्क करावा लागतो.

पहिला छेद: चढाया

आता चार खेळाडू घेऊ. चौघेही आपापल्या काळात गुण मिळवण्यात अग्रेसर होते, आणि हे त्यांचे सर्वांत जास्त गुणसरासरीचे हंगाम आहेत.

कोष्टक १

| खेळाडू | हंगाम | दर सामन्यात गुण | दर सामन्यात मिनिटे | सर्व संघांची सरासरी गुणसंख्या | ४८ मिनिटांत चढाया |
|---|---|---|---|---|---|
| विल्ट चेंबरलेन | १९६१-६२ | ५०.४ | ४८.५ | ११८.८ | १२६ (अंदाजे) |
| मायकेल जॉर्डन | १९८६-८७ | ३७.१ | ४०.० | १०९.९ | १०१ |
| कोबी ब्रायंट | २००५-०६ | ३५.४ | ४१.० | ९७.० | ९०.५ |
| जेम्स हार्डन | २०१८-१९ | ३६.१ | ३६.८ | १११.२ | १०० |

चेंबरलेनची मिनिटे ४८ पेक्षा जास्त कशी, असा प्रश्न विद्यार्थी नक्की विचारतील. सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ खेळवतात. आणि हा गृहस्थ तोही खेळत असे. त्या हंगामात तो जवळजवळ कधीच बाहेर बसला नाही.

तो मैदानात असताना त्याच्या संघाला दर सामन्यात १२६ गुणिले ४८.५ भागिले ४८, म्हणजे सुमारे १२७ चढाया मिळाल्या. त्यांत ५०.४ गुण, म्हणजे शंभर चढायांमागे सुमारे ४०. अशाच रीतीने जॉर्डनचे ४४ येतात, ब्रायंटचे ४६ आणि हार्डनचे ४७. क्रमच बदलला! पहिला होता तो शेवटी गेला.

पण १२६ हा आकडा अंदाजाचा आहे. तो चुकला असेल तर? प्रयोगशाळेत आपण जे करतो तेच इथे करावे: चूक मुद्दाम धरून पाहावी. समजा, खऱ्या चढाया १२० च होत्या. मग चेंबरलेनचे शंभर चढायांमागे गुण ४१.६ येतात. १३२ असतील तर ३८. दोन्ही वेळा तो शेवटीच राहतो. म्हणजे या निष्कर्षाला अंदाजातल्या पाच टक्के चुकीने धक्का लागत नाही. मात्र ४४, ४६ आणि ४७ यांतल्या फरकाला फार महत्त्व देऊ नये. आपण सर्व संघांच्या सरासरी चढाया घेतल्या आहेत; खेळाडूच्या स्वतःच्या संघाच्या घेतल्या तर एक-दोन गुणांची हालचाल सहज होते.

तीन गुणांची रेषा

हार्डनचे नाव वर आले ते निव्वळ कौशल्याने, की नियमाने? तीन गुणांची रेषा एनबीएमध्ये आली १९७९-८० मध्ये. बास्केटपासून तिचे अंतर २३ फूट ९ इंच, म्हणजे ७.२४ मीटर, कोपऱ्यांत थोडे कमी. चेंबरलेनच्या काळी ती नव्हतीच. जॉर्डनच्या काळी होती, पण १९८६-८७ च्या ८२ सामन्यांत त्याने तिच्या बाहेरून फक्त १२ वेळा बास्केट केले. ब्रायंटने त्याच्या हंगामात १८० वेळा केले, आणि हार्डनने ३७८ वेळा.

आता प्रत्येक तीन गुणांच्या बास्केटचे दोनच गुण धरून पाहू. शंभर चढायांमागे जॉर्डनचे ४४ जवळजवळ तसेच राहतात. ब्रायंटचे ४३ होतात, हार्डनचे ४१ आणि चेंबरलेनचे ४०. क्रम पुन्हा बदलला!

हा हिशेब न्याय्य आहे का? मुळीच नाही. इतक्या दूरच्या फेकीला दोनच गुण असते, तर हार्डन तिथून फेकत बसला नसता. जवळ जाऊन फेकला असता. नियम बदलला की माणूस वागणूकही बदलतो. गुण वजा करता येतात, वागणूक वजा करता येत नाही.

या रेषेचा इतिहास हेच सांगतो. पहिल्या हंगामात, १९७९-८० मध्ये, रेषेबाहेरच्या फेकींपैकी २८ टक्केच बास्केटमध्ये गेल्या. ०.२८ गुणिले ३ म्हणजे एका फेकीमागे ०.८४ गुण. रेषेच्या आतल्या फेकींपैकी ४८.८ टक्के आत गेल्या, म्हणजे एका फेकीमागे ०.९८ गुण. तेव्हाच्या प्रशिक्षकांनी दुरून फेकू दिले नाही, यात त्यांचे काय चुकले? त्यांचे गणित बरोबरच होते. २०१५-१६ मध्ये आतल्या फेकीची किंमत ०.९८ च होती; पण बाहेरच्या फेकी आता ३५.४ टक्के यशस्वी होत होत्या, आणि त्यांची किंमत १.०६ झाली होती. मधल्या काळात काय घडले? त्या रेषेवरून लहानपणापासून सराव केलेली पिढी मोठी झाली. नियम एका दिवसात बदलतो. त्याला साजेसे कौशल्य यायला पिढी जावी लागते.

१९८५-८६ मध्ये सर्वांत जास्त तीन गुणी बास्केट लॅरी बर्डने केले: ८२ सामन्यांत ८२. तीस वर्षांनी, २०१५-१६ मध्ये, स्टीफन करीने ७९ सामन्यांत ४०२ केले. आता इथे सरसकट भागाकार करून पाहा. बर्डच्या वर्षी एक संघ दर सामन्यात अशा ३.३ फेकी करी, करीच्या वर्षी २४.१, म्हणजे सातपटीहून अधिक. या पटीने बर्डचे दर सामन्याचे एक बास्केट वाढवले तर सात होतात. करीचे पाचच आहेत. म्हणून बर्ड श्रेष्ठ? बर्ड दर सामन्यात फक्त दोन-तीनदाच दुरून फेकत असे, तेही बहुधा मोकळा असताना. सात बास्केट करायला त्याला सोळा-सतरा वेळा फेकावे लागले असते, आणि तेव्हा समोरचे त्याला मोकळे सोडते ना! गुणोत्तर हे साधन चांगले, पण मूळ आकडा लहान असला की ते भलतेच मोठे करून दाखवते.

अधिक चांगला छेद

एवढ्यावर थांबलो तर 'काहीच सांगता येत नाही' असे म्हणावे लागेल. पण कोष्टक १ मध्ये आणखी एक रकाना आहे, तो आपण अजून वापरलेला नाही: सर्व संघांची सरासरी गुणसंख्या.

पाच खेळाडू ४८ मिनिटे खेळले म्हणजे एका संघाची २४० खेळाडू-मिनिटे होतात. १९६१-६२ मध्ये या २४० मिनिटांत सरासरी ११८.८ गुण झाले. म्हणजे सामान्य खेळाडूने मिनिटाला ०.४९५ गुण मिळवले. चेंबरलेनने मिळवले ५०.४ भागिले ४८.५, म्हणजे १.०४. तो आपल्या काळातल्या सामान्य खेळाडूच्या किती पट होता? १.०४ भागिले ०.४९५, म्हणजे २.१ पट.

उरलेल्या तिघांचा हिशेब असाच करून सगळे एकत्र मांडू.

कोष्टक २

| खेळाडू | शंभर चढायांमागे गुण | तीनचे दोन धरल्यास | समकालीन सरासरीच्या किती पट |
|---|---|---|---|
| चेंबरलेन | ४० | ४० | २.१ |
| जॉर्डन | ४४ | ४४ | २.० |
| ब्रायंट | ४६ | ४३ | २.१ |
| हार्डन | ४७ | ४१ | २.१ |

शेवटचा रकाना पाहा. सत्तावन्न वर्षांत पसरलेले चार हंगाम. चढाया १२६ पासून ९० पर्यंत खाली गेल्या. एक नवी रेषा आली. दर सामन्याचे गुण ३५ ते ५० असे विखुरलेले. तरीही प्रत्येक जण आपल्या काळातल्या सामान्य खेळाडूच्या सुमारे दुप्पट! २.० आणि २.१ यांतला फरक इतका लहान आहे की त्यावरून क्रम लावणे योग्य नाही.

या छेदाचा आणखी एक फायदा आहे. यात चढायांचा अंदाज लागतच नाही. खेळ वेगवान असला तर अंशही वाढतो आणि छेदही, आणि वेगाचा परिणाम आपोआप निघून जातो. जिथे एखादी गोष्ट नीट मोजता येत नाही, तिथे ती अंश व छेद या दोहोंत सारखीच येईल अशी मांडणी करावी. तराजूच्या दोन्ही पारड्यांवर हवेचा दाब सारखाच असतो, म्हणून वजन करताना आपण तो मोजत बसत नाही. त्यातलाच हा प्रकार.

मग चेंबरलेनचे वेगळेपण काहीच नाही का? आहे, पण ते ५०.४ या आकड्यात दिसते तिथे नाही. इतरांनी ही दुप्पट ३७ ते ४१ मिनिटे टिकवली, मध्ये विश्रांती घेतली. त्याने ती साडेअठ्ठेचाळीस मिनिटे टिकवली, तीही धावत्या खेळात. मिनिटांनी भागताना आपण ही दमछाक हिशेबातून काढून टाकतो. प्रत्येक छेद काही तरी उघड करतो आणि काही तरी झाकतो.

रिबाउंडचे कोडे

त्याच हंगामात चेंबरलेनने दर सामन्यात २५.७ रिबाउंड घेतले. पुढच्या काळातला रिबाउंडसाठी प्रसिद्ध खेळाडू म्हणजे डेनिस रॉडमन. १९९१-९२ मध्ये त्याचे दर सामन्यात १८.७ होते. पण रिबाउंड मिळायला आधी फेक हुकावी लागते. १९६१-६२ मध्ये दोन्ही संघांच्या मिळून एका सामन्यात सुमारे १२४ फेकी हुकत. १९९१-९२ मध्ये फेकी कमी होत्या आणि नेम चांगला होता, म्हणून सुमारे ९२ च हुकत. तेव्हा चेंबरलेनचा वाटा २१ टक्के आणि रॉडमनचा २० टक्के. शिवाय रॉडमन सरासरी ४०.३ मिनिटेच खेळला. तेवढ्या मिनिटांच्या प्रमाणात पाहिले तर त्याचा वाटा २४ टक्क्यांवर जातो.

पण लगेच दुसरी बाजूही पाहावी. रॉडमन बास्केटकडे फारसा फेकतच नसे. त्याचे मुख्य काम रिबाउंडचे. चेंबरलेन त्याच सामन्यात सरासरी ३९.५ फेकीही करत होता. स्वतः फेक करणाऱ्याला उसळत्या चेंडूसाठी मोक्याची जागा धरणे कठीण जाते.

कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे

प्रतिस्पर्ध्याची फेक हवेत अडवणे आणि चेंडू हिसकावणे यांची एनबीएतली नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली. बिल रसेल हा फेक अडवण्यात वाकबगार मानला जाई. तो १९६९ मध्ये निवृत्त झाला. चेंबरलेन १९७३ मध्ये. म्हणून अधिकृत पुस्तकात दोघांच्या नावापुढे या रकान्यात काहीच नाही. एका सामन्यात सर्वाधिक फेकी अडवण्याचा विक्रम एल्मोर स्मिथच्या नावावर आहे: १९७३ मध्ये १७. हा विक्रम ज्या हंगामात झाला, तो मोजणीचा पहिलाच हंगाम होता! त्याआधी कुणी १८ अडवल्या असतील तर त्या पुस्तकात नाहीत. पर्जन्यमापक बसवण्यापूर्वी गावात पाऊस पडत नव्हता, असे आपण म्हणत नाही. तरी 'सर्वकालीन विक्रम' हे शब्द वाचताना हे भान नेमके सुटते.

खेळाडूमुळे बदललेले नियम

आतापर्यंत आपण नियमांमुळे आकडे कसे बदलतात ते पाहिले. उलटही घडते. बास्केटखाली एक रंगवलेला पट्टा असतो. चढाई करणाऱ्या खेळाडूला त्यात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. जॉर्ज मायकन हा उंच खेळाडू बास्केटजवळ उभा राहून सहज गुण घेई, म्हणून १९५१ मध्ये या पट्ट्याची रुंदी ६ फुटांवरून १२ फूट केली. चेंबरलेनच्या काळात, १९६४ मध्ये, ती १६ फूट झाली. महाविद्यालयीन स्पर्धांत १९६७ पासून १९७६ पर्यंत उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबायला, म्हणजे डंक करायला, बंदी होती. त्या वेळी करीम अब्दुल-जब्बार महाविद्यालयात होता. तो पुढे ओळखला गेला तो लांब हात डोक्यावरून फिरवून टाकलेल्या आकडी फेकीसाठी. त्याचा ३८,३८७ गुणांचा विक्रम १९८९ मधल्या त्याच्या निवृत्तीनंतर तब्बल २०२३ पर्यंत टिकला. लेब्रॉन जेम्सने तो मोडला. एवढ्या गुणांत तीन गुणी बास्केट मात्र एकच!

बचावाचे नियमही असेच फिरले. जॉर्डनच्या काळी चेंडू घेऊन येणाऱ्याच्या अंगावर हात ठेवून त्याला रोखणे चालून जाई. २००४-०५ पासून त्याबाबत कडक धोरण आले. यावरून जॉर्डनचे काम अधिक अवघड होते असे वाटेल. पण त्याच काळी बचाव करणाऱ्यांना आपापला माणूस सोडून बास्केटभोवती जागा राखत उभे राहण्याची परवानगी नव्हती. ती २००१-०२ पासून मिळाली. म्हणजे एक दार उघडे होते तर दुसरे बंद. 'त्या काळी सोपे होते' असे म्हणणारा बहुधा एकच दार पाहत असतो.

अजिंक्यपदांचेही तेच. रसेलच्या संघाने १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे मिळवली. जॉर्डनच्या संघाने ६. पण रसेल आला तेव्हा स्पर्धेत ८ संघ होते, जॉर्डनच्या शेवटच्या विजयाच्या वेळी २९. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर एका संघाची शक्यता पहिल्या वेळी १२.५ टक्के, दुसऱ्या वेळी ३.४ टक्के. शिवाय रसेलच्या काळी खेळाडूला स्वतःहून संघ बदलता येत नसे, म्हणून चांगला संघ वर्षानुवर्षे एकत्र राही. याउलट, संघ थोडे म्हणजे प्रत्येक संघात निवडक खेळाडूच असणार. दुबळा प्रतिस्पर्धी भेटणे कठीण.

सरासरी माणूसच बदलला तर?

आता सर्वांत अवघड प्रश्न. 'समकालीनांच्या दुप्पट' म्हणताना आपण समकालीन सरासरीला मापाची पट्टी मानले. पण पट्टीच लांब-आखूड होत असेल तर?

१९६१-६२ मध्ये स्पर्धेत ९ संघ होते, म्हणजे सुमारे शंभर खेळाडूंना जागा. एनबीएमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९५० मध्ये, आणि त्यानंतरही अनेक वर्षे एका संघात असे किती खेळाडू घ्यायचे यावर अलिखित मर्यादा असे. परदेशी खेळाडू तर जवळजवळ नव्हतेच. आज ३० संघ आहेत, आणि त्यांत अमेरिकेबाहेरून आलेलेच शंभराहून अधिक खेळाडू आहेत. निवड जितक्या मोठ्या समूहातून होते, तितका निवडलेल्यांचा सरासरी दर्जा उंच जातो.

जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी बेसबॉलच्या आकड्यांवरून एक लक्षवेधी विचार मांडला होता. सर्वांत वरच्या दर्जाचे आकडे नाहीसे झाले, याचा अर्थ थोर खेळाडू संपले असा नसून सगळ्यांचाच खेळ सुधारला असा असू शकतो. माणसाच्या क्षमतेला कुठे तरी मर्यादा आहे. सरासरी त्या मर्यादेकडे सरकू लागली की सर्वोत्तम आणि सामान्य यांच्यातले अंतर कमी होते. हा विचार बास्केटबॉलला लावला तर, वर सरकलेल्या सरासरीच्याही दुप्पट राहणे अधिक कठीण मानावे लागेल. पण किती कठीण, ते आपला कोणताही रकाना सांगत नाही. कारण १९६२ चा सामान्य खेळाडू आणि २०१९ चा सामान्य खेळाडू एकमेकांविरुद्ध कधी खेळलेच नाहीत.

म्हणून 'कोण मोठा' हा एक प्रश्न नाही, निदान तीन आहेत. आपल्या काळात कोण किती पुढे होता? याचे उत्तर आकडे बऱ्यापैकी देतात. मिळालेल्या प्रत्येक संधीचे सोने कुणी केले? याचेही उत्तर मिळते, पण नियमांची टीप जोडून. आणि चेंबरलेनला आजच्या मैदानात उतरवले तर काय होईल? हा कल्पनेचा खेळ आहे. कारण उतरवायचा तो कॅनव्हासच्या बुटांतला, तीन गुणांची रेषा न पाहिलेला चेंबरलेन, की आजच्या सरावात वाढलेला, हेच आधी ठरवावे लागेल. वाद घालणारे दोघे बहुधा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

वर्गासाठी

हे सारे विद्यार्थ्यांना मैदानावर करून पाहता येईल. एकच बास्केट आणि खडूची एक रेषा पुरे. तीन-तीन मुलांचे दोन गट दहा मिनिटे खेळवा. प्रत्येक बास्केटला दोन गुण. पुढच्या दहा मिनिटांत रेषेबाहेरून तीन गुण द्या. तिसऱ्या वेळी दर चढाईला दहा सेकंदांची मर्यादा घाला. बाहेर बसलेल्या मुलांपैकी एकाने चढाया मोजाव्यात, दुसऱ्याने फेकी, तिसऱ्याने प्रत्येकाचे गुण. मग वर्गात येऊन 'सर्वोत्तम खेळाडू' ठरवायला सांगा, पण अट अशी की आधी छेद निवडायचा आणि तोच का, ते सांगायचे. दोन गटांनी वेगळे छेद निवडले की वाद होईल, आणि तोच खरा पाठ. एखादी नोंद ठेवायची राहून गेली असेल तर तिच्या जागी शून्य न लिहिता रकाना कोरा ठेवायला लावा.

आणि एक गोष्ट आपणा शिक्षकांसाठी. 'मागची तुकडी हुशार होती, या वर्षीची मुले कच्ची आहेत', हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी ऐकू येते. प्रश्नपत्रिका तीच होती का, तपासणारे तेच होते का, परीक्षेला किती मुले बसली, आणि पूर्वी जी शाळेतच येत नव्हती अशी किती मुले आता वर्गात आहेत? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. शाळेचे दार अधिक मुलांना उघडले म्हणून सरासरी उतरली असेल, तर ती घसरण नव्हे. चेंबरलेनचा क्रम चुकला तर कुणाचे काही बिघडत नाही. इथे मात्र एका भागाकारावर एका मुलाबद्दलचे आपले मत ठरते, आणि पुष्कळदा त्याचे स्वतःबद्दलचेही.